परसातला पेरू कुणाचा? युद्धकाळातली घरची गोष्ट लिहिताना अडलेय

सुगी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या, राकसकोपच्या वाटेवरच्या एका खेड्यातली. मराठी शाळेत एकतीस वर्षं खडू झिजवला, आता घरी. मुलगी इंग्लंडला असते. येताना दरवेळी तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून माझ्यासाठी जाडजूड कादंबऱ्या आणते. जात सगळ्यांची एकच. दुसरं महायुद्ध, नवरा लढाईवर, मागे बायका, रेशनची पुस्तकं, खिडक्यांना काळे पडदे, आणि गल्लीच्या टोकाला सायकलवरून तार घेऊन येणारा पोरगा. तो कुणाच्या दारात थांबतो हे कळेपर्यंत अख्खी गल्ली श्वास रोखून उभी. अशा दीडएक डझन वाचल्या. रडलेही. मग वाटलं, आपल्याकडे काय कमी आहे? पल्टनीचं गाव आपलं. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र इथं कॅम्पात. सणावारी दर चौथ्या घरात एक पुरुष कमी. मग आपल्या बायकांची गोष्ट का लिहू नये?

लिहायला बसले आणि अडले.

माझे बाबा चीनच्या लढाईनंतर भरती निघाली तेव्हा लागलेले. शेजारचे काकाही त्याच दिवशी, दोघांचे नंबर पाठोपाठचे. १९७१ ला दोघं जंगी पल्टनीत, म्हणजे पहिल्या मराठात, पूर्वेच्या सरहद्दीवर. मी तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. आईला अक्षर येत नव्हतं. शेजारच्या काकू चंदगड भागातून आलेल्या, फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकलेल्या. आई सांगायची, काकू लिहायच्या. मळणीचं काम आटपलं की दुपारी आमच्या सोप्यात पाट उलटा टाकून त्यावर अंतर्देशीय पसरायचं. गोंद चाटायचं काम माझं. त्या गोंदाची तुरट-गोड चव अजून जिभेवर आहे.

बाबा २००९ ला गेले. आता आईच्या परवानगीनं त्यांची काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पल्टन. आत खाकी कापडात बांधलेली अकरा अंतर्देशीय पत्रं, सगळी काकूंच्या अक्षरातली, सगळी आईच्या नावानं. बहुतेकांत तेच ते. मामंजींचा दमा बरा आहे, तांबडी गाय व्याली, मनीऑर्डर मिळाली, इकडची काळजी नसावी. पण चार पत्रांत शेवटी एखादी ओळ अशी येते की वाचताना मीच चपापले. एक देते:

"परसातल्या पेरूला आता कुणी दगड मारत नाही. पिकतात आणि पडतात."

आमच्या परसात पेरू कधीच नव्हता. होता तो काकूंच्या. मीच चोरून खाल्लेत ते. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मी कशाला असलं सांगू? आत्याबाई बसलेल्या असायच्या की समोर लसूण सोलत." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

बाबा १९७२ च्या उन्हाळ्यात रजेवर आले. त्या रजेत ते आईला चिडवायचे, हे तिला पक्कं आठवतं. "पत्रात लई बोलतीस, इथं तोंड उघडत नाहीस." ती गप्प बसली. काकूंनी स्वतःहून घातलेल्या ओळी होत्या हे तिला तेव्हा माहीतच नव्हतं. नुसतं एवढंच कळलं की नवऱ्याला पत्रातली बाई जास्त आवडते. त्यानंतर तिनं काकूंकडून पत्र लिहून घ्यायचं हळूहळू बंद केलं. दिराला सांगायला लागली. भांडण नाही, अबोला नाही. नुसतं दुपारचं पाट टाकणं थांबलं.

आता माझी अडचण. खरं सांगायचं तर मनात नको ते आलं. काकू माझ्या बाबांना लिहीत होत्या का? तसं असेल तर ही गोष्ट मी लिहिणार नाही, ट्रंक बंद करून ठेवीन. दुसरं म्हणजे, आमच्या दोन्ही घरात तार आलीच नाही. दोघंही धडधाकट परत आले. इंग्रजी कादंबरीत कुणीतरी मरावं लागतं. ज्यात कुणी मेलंच नाही ती युद्धाची गोष्ट होते का?

आणि घरात कधी एकटी न सापडणारी नवराबायको, त्यांचं प्रेम कागदावर दाखवायचं तरी कसं?

---

ग्रंथालय_निपाणी

बाई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण तो सोपा आहे. होते.

त्या कादंबऱ्यांमध्ये तार का येते याचं कारण तिथल्या इतिहासात आहे. तिथं घर हेच मैदान होतं. १ सप्टेंबर १९३९ पासून शहरातली पोरं गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवून खेड्यात परक्या घरी पाठवली. जानेवारी १९४० ला लोणी, साखर, डुकराचं खारवलेलं मांस रेशनवर. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब. डिसेंबर १९४१ ला तर वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांनाच कायद्यानं युद्धाच्या कामाला जुंपलं. म्हणजे नायिका घराबाहेर पडते, कारखान्यात जाते, हातात पगार येतो, मैत्रिणी मिळतात, नको त्या माणसाच्या प्रेमात पडते. कथानक आयतं हातात.

आपल्याकडे १९७१ ला यातलं काय झालं? माझी आजी तंबाखूच्या वखारीत जायची. लढाईच्या आधी जायची, लढाईत गेली, नंतरही गेली. तेव्हा "युद्धानं बाई घराबाहेर काढली" हा तिकडचा साचा इकडे आणू नका. आणि ब्लॅकआउट तर बिलकूल नको. तुमच्या गावात तेव्हा वीज होती का, हे आधी आईंना विचारा.

एक गोष्ट मात्र तिकडचीच उपयोगी पडेल. तिथल्या शिपायांची पत्रंही खासगी नव्हती. त्यांचाच अधिकारी ती वाचून मग पुढे पाठवायचा. रोज ज्याला सलाम ठोकायचा तोच आपलं बायकोला लिहिलेलं वाचणार. म्हणून पाकिटाच्या मागे आद्याक्षरं लिहायचे, एस. डब्ल्यू. ए. एल. के. म्हणजे प्रेमाच्या मुक्यानं बंद केलंय. अशा कितीतरी खुणा होत्या. तिसरा माणूस मध्ये आला की प्रेम खुणेनं बोलतं. तुमचा पेरू मला तसलाच वाटतो. पण कुणासाठी, ते सांगता येत नाही.

---

चंदगडी

एकच सांगतो. आईला प्रमाण भाषेत बोलायला लावू नका. "इकडची काळजी नसावी" हे पत्रात ठीक. तोंडी "आमच्यात सगळं बरं हाय" असंच येऊ द्या. नाहीतर पुण्याच्या वाड्यातली बाई भात मळतेय असं वाटेल.

---

टपाल_चिकोडी

मी खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली पहिली कितीतरी सायकलवर. लिहिताना चुकू नयेत म्हणून चार गोष्टी सांगतो.

पत्त्यात गावाचं नाव घालू नका. फौजीला पत्र म्हणजे नंबर, नाव, पल्टन आणि शेवटी ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर. नवरा नेमका कुठं आहे हे बाईला कधीच कळायचं नाही. छप्पन्न म्हणजे कुठलं गाव असं मला एका म्हाताऱ्यानं विचारलेलं. एसटीनं जायचं होतं त्याला.

१५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लागायला लागलं, शरणार्थी साहाय्याचं. एक कोटीच्या आसपास निर्वासित आलेले, त्यांच्या खर्चासाठी. सुरुवातीला नवीन तिकीट छापायला वेळ नव्हता म्हणून कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच शिक्का छापून दिलं. आई, बाप, दोन पोरं, आणि त्यावर "शरणार्थी सहायता". तुमच्या कथेत त्या हिवाळ्यात मामाचं वगैरे पत्र आलं तर त्यावर हे दाखवा.

मनीऑर्डरीचं विसरू नका. फॉर्मला खाली एक कूपन असायचं, चार ओळी मावतील एवढंच. ते घेणाऱ्याकडे राहायचं. आणि एक पोचपावती असायची. पैसे घेणारा त्यावर सही नाहीतर अंगठा करायचा आणि ती पाठवणाऱ्याकडे परत जायची. मी शेकडो बायकांचे अंगठे शाईत बुडवून त्या पावतीवर उठवलेत. शाई लागली की बऱ्याच जणी पदराला पुसायच्या, काही मात्र दिवसभर तशीच ठेवायच्या. का ते मी कधी विचारलं नाही.

तारेचं म्हणाल तर, तार म्हणजे वाईटच असं नसे. फौजी रजेवर निघताना पण तार करायचा. पण मी दारात उभा राहून "तार" म्हटलं की आतून आधी रडणं यायचं, मग माणूस यायचं. शेवटी मी लांबूनच ओरडायला लागलो, "येतोय म्हणून हाय!"

---

सुगी

टपालकाका, तुमचं वाचून उठले आणि ट्रंकेपाशी गेले. त्या खाकी कापडात पत्रांबरोबर एक बोटभर लांबीची चिठ्ठी होती. मी कसलीतरी जुनी पावती म्हणून बाजूला टाकलेली. त्यावर जांभळा अंगठा आहे. फिकट झालाय, पण रेघा दिसतात.

घरात मनीऑर्डर नेहमी मामंजींच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या नावानं यायची. एकदाच, १९७२ च्या पंचमीला, बाबांनी आईच्या नावानं वीस रुपये पाठवले. त्यावरून घरात काय महाभारत झालं ते आई आजही हात हालवून सांगते. आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आईनं शेवटी ते पैसे आजोबांच्या हातावर ठेवले आणि विषय मिटला. पण अंगठा तिचाच लागला होता, आणि तो बाबांकडे गेला, आणि बाबांनी मरेपर्यंत ठेवला. आईला दाखवलं. तिनं आपला अंगठा त्याच्या शेजारी धरून बघितला. "बारीक होतं की माझं बोट," म्हणाली.

निपाणीकर, वीज नव्हती. बरोबर पकडलंत. काळोख नेहमीचाच होता, करावा लागला नाही.

चंदगडी, होय की.

पेरूचं कोडं मात्र तसंच आहे.

---

पेन्शनर_हिंडलगा

बाई, मी बाबांपेक्षा धाकटा, दुसऱ्या पल्टनीतला, त्यांना ओळखत नव्हतो. पण तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, ती विचारतो. शेजारच्या काकांना वाचता येत होतं का?

विचारतो कारण माझ्या वेळी पण हाताचं लिहिलेलं वाचता न येणारी माणसं सेक्शनमध्ये, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीत, असायचीच. छापलेलं अडखळत वाचतील, पण बायकोच्या गावच्या कुणीतरी शाई पसरून लिहिलेलं पत्र? शक्य नाही. मग टपाल आलं की गाववाल्याकडं जायचं. लंगरच्या मागं नाहीतर तंबूत, कंदिलापाशी. गाववाला वाचणार, बाकीचे चार जण काम करताना ऐकणार. कुणाची गाय व्याली हे सगळ्या सेक्शनला माहीत. आपलं पत्र पण मोठ्यानंच वाचायचं, लपवून वाचलं तर चेष्टा व्हायची. अशा वाचनात बायकोनं काय लिहायचं? "तब्येत जपणे."

समजा काकांची पत्रं तुमचे बाबा वाचून दाखवत असतील. काकूंनी ती पेरूची ओळ स्वतःच्या नवऱ्याच्या पत्रात घातली असती तर दहा जणांनी मिळून काकांचं जिणं नकोसं केलं असतं. पण तीच ओळ तुमच्या बाबांच्या पत्रात, तुमच्या आईच्या नावानं आली, तर? बाबा आपलं पत्र वाचणार, काका शेजारी बसून ऐकणार. तुमच्या घरात पेरू नाही हे शेजाऱ्याला माहीत नसणार होय?

आणखी एक, जमालपूरबद्दल. आजच्या बांगलादेशातलं हे गाव, तुमच्या बाबांची पल्टन तिथं लढली. तिथं ९-१० डिसेंबरला पत्रांचीच गंमत झाली होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी "वेढले गेलात, शरण या" म्हणून पाकिस्तानी कर्नलला एका म्हाताऱ्याच्या हाती पत्र धाडलं. उत्तर आलं त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. मग १० च्या रात्री जे झालं ते पहिल्या मराठानं बघितलं. लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली, १६ ला संपली. गावच्या पत्राला आठ-दहा दिवस सहज लागायचे. म्हणजे बाई, लढाई चालू असताना लिहिलेलं पत्र बहुतेकांना लढाई संपल्यावरच मिळालं. कथेत तारखा घालताना एवढं बघा.

---

ग्रंथालय_निपाणी

सुभेदारसाहेब (सुभेदारच असणार तुम्ही), दंडवत. मी खुणेपर्यंत पोचलो होतो, पण ती दुसऱ्याच्या पत्रात बसून जाईल हे डोक्यात आलं नाही.

---

पेन्शनर_हिंडलगा

हवालदार.

---

सुगी

चार दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात वडगावला जाऊन आले.

आधी हवालदारकाकांच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, शेजारच्या काकांना हातानं लिहिलेलं वाचता येत नव्हतं. जोडाक्षर आलं की थांबायचे. आईला विचारलं तर ती सहज म्हणाली, "ह्येच वाचून दाखवायचे की त्यांना." हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

काकू वडगावात मुलाकडे असतात. काका जाऊन बारा वर्षं झाली. ऐकू कमी येतं, नजर अजून शाबूत. मी आईला बरोबर नेलं. दोघी पन्नास वर्षं लग्नामुंजीत भेटतात, हळदीकुंकू लावतात, गुडघ्यांचं बोलतात. तेवढंच. सूनबाईनं चहा आणि कुंदा ठेवला. मी थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग पिशवीतून ते अंतर्देशीय काढून काकूंच्या हातात दिलं.

त्यांनी आधी अक्षर ओळखलं. मग चष्मा वर सरकवला, कागद नाकाजवळ नेला आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या. मी ओरडूनच विचारलं, "काकू, दगड कोण मारायचं पेरूला?"

"दुसरं कोण?" म्हणाल्या. आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, अशा की सूनबाई आतून बघायला आली.

मग तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. काका रजेवर आले की घर माणसांनी भरलेलं. सासू, दोन नणंदा, चुलत सासरे. बोलायची सोय नाही. काका परसात जाऊन पेरूला बारका खडा मारायचे. पानांत खडखड झाली की काकू "कोण पोरं आलीत बघा पेरू पाडायला" म्हणत काठी घेऊन बाहेर. सासूबाईंनी कितीतरी वेळा त्या पोरांना शिव्या घातल्या. मीही त्या शिव्या खाल्ल्यात, आता लक्षात आलं.

"आमच्या पत्रात कसं लिहू? पल्टन ऐकते," काकू म्हणाल्या. "तुझा बाप वाचायला लागला की हे मान खाली घालून बूट घासत बसायचे म्हणे. पेरू आला की घासायचं थांबायचे."

म्हणजे बाबांनाही कळलं असणार का? काकूंना माहीत नाही. मला वाटतं कळलं असावं. नाहीतर रजेत ते आईला चिडवण्याऐवजी पेरूबद्दल विचारते. बायकोनं परसात नसलेल्या झाडाबद्दल लिहिलं तर कुठलाही नवरा विचारेल. पण उरलेल्या तीन ओळी कुणाच्या हे मी काकूंना विचारलं नाही. एकीत आईच्या हिरव्या चोळीचा उल्लेख आहे. तशी चोळी काकूंकडे नव्हती.

आई हे सगळं ऐकत होती, एक शब्द नाही. मला धाकधूक. पन्नास वर्षांनी काय निघतंय देव जाणे. तिनं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि काकूंकडे बघून म्हणाली:

"म्हणजे पत्राचे पैसे माझे, आणि निरोप तुझा व्हय गं?"

काकूंना नीट ऐकू गेलं नाही. आईनं परत, जरा मोठ्यानं सांगितलं.